तळाचा गाळ मोजा, आणि मोजलेले आकडे आम्हाला दाखवा: मुंबई हायच्या समुद्रावर पोट असलेल्या माणसाचं खुलं पत्र

प्रति,
केंद्रीय पर्यावरण मंत्रालय, पेट्रोलियम मंत्रालय, हायड्रोकार्बन महासंचालनालय आणि आपल्या राज्याचा मत्स्यव्यवसाय विभाग, यातले जे कोणी साहेब किंवा मॅडम हे वाचतील त्या सगळ्यांना नमस्कार.

मी पालघर जिल्ह्यातल्या एका कोळीवाड्यात राहतो. मुंबई हाय म्हणजे आपल्या समुद्रातलं तेलाचं मोठं फील्ड. नाव मुद्दाम लिहीत नाही कारण माझा पुतण्या अजून रिगवर, म्हणजे तेलाची विहीर खोदायच्या सांगाड्यावर, कॉन्ट्रॅक्टमध्ये आहे आणि माझ्या पत्रापायी त्याची नोकरी जायला नको. आणि पत्र असं उघड लिहितोय कारण बंद पाकिटातली तीन पत्रं दोन वर्षांत वेगवेगळ्या ऑफिसांना पाठवून झाली, एकाचंही उत्तर आलं नाही, आता गप्प बसणं मला जमत नाहीये.

झालं असं की मागच्या हंगामात भावाच्या बोटीला माकुल, म्हणजे स्क्विड, चांगलं लागलं. आठ दिवसांची फेरी, बर्फ, डिझेल, खलाशांचा पगार, सगळा खर्च आधीच अंगावर, पण माल बघून वहिनीचा चेहरा खुलला होता. बंदरावर टब उतरले, एजंट आला, माल हातात घेऊन बघितला, बाजूला जाऊन फोनवर बोलला आणि परत येऊन म्हणाला, नाखवा भाव कमी करावा लागेल, मागचा लॉट कॅडमियममध्ये अडकलाय. कॅडमियम हा एक विषारी धातू. युरोपला जाणाऱ्या माकुलात किलोमागे 1 मिलिग्रॅमच्या वर कॅडमियम चालत नाही. आमच्या टबातला एक नग पण कोणी तपासला नव्हता, दुसऱ्याच्या लॉटचा भार आमच्यावर पडला, आणि पोरं आठ दिवस दर्यात राबून आली त्याचे पैसे जेमतेम डिझेलला पुरले. रात्री जेवताना भावाने विचारलं, दादा, तू तर इतकी वर्षं तिकडे होतास, हा कॅडमियम येतो कुठून?

मला वाचून माहीत आहे की माकुलाच्या यकृतात कॅडमियम मुळातच साठतो, स्वच्छ समुद्रात पण साठतो, ती त्या जातीची खोडच आहे. तसं मी त्याला सांगितलं. पण सांगताना जीभ अडखळली, कारण त्याच दर्यात मी अठरा वर्षं स्वतःच्या हाताने काय काय सोडलंय ते मला आठवत होतं.

मी 1997 ते 2015 रिगवर होतो. आधी रूस्टअबाउट म्हणजे डेकवरचा मजूर, मग फ्लोअरमन, शेवटची नऊ वर्षं डेरिकमन. कंपनीचं नाव घेत नाही, मला एका कंपनीशी भांडायचंच नाहीये. डेरिकमनचं काम म्हणजे पाइप वर-खाली चालू असले की वरती मंकी बोर्डवर, म्हणजे मनोऱ्यातल्या उंच फळीवर, आणि एरवी मड पिट, मड पंप आणि शेल शेकर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, विहीर खोदताना पाइपातून सतत एक जाड चिखल खाली सोडावा लागतो, त्याला आम्ही मड म्हणतो. तो बिट, म्हणजे खोदणारं टोक, थंड ठेवतो, खालून फुटलेले दगडाचे तुकडे वर आणतो, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे खालच्या गॅसचा दाब दाबून धरतो. त्यासाठी मड जड लागतो, आणि मड जड करायला त्यात बराइट घालतात. बराइट म्हणजे एका दगडाची पावडर, बेरियम सल्फेट. पाण्याच्या चौपटीहून जड. बल्कमध्ये यायचं तसं सॅक स्टोअरला पोत्यांमधून पण असायचं, आणि पोतं दिसायला छोटं पण उचलायला गेलं की कंबर धरायची. आपल्याकडे आंध्रात मंगमपेटला बराइटची जगातली मोठ्यातली मोठी खाण आहे.

मड वर आला की शेकरवर पडतो. शेकर म्हणजे थरथरणारी चाळणी. मड खाली गळून परत पिटमध्ये जातो आणि दगडाचे तुकडे, म्हणजे कटिंग्ज, चाळणीवरून सरकत पुढे येतात, करडे, गुळगुळीत, मडने माखलेले, चिंबोरीच्या लाखेसारखे चिकट. ते वॉश गनने धुवायचे आणि च्यूटमधून, म्हणजे घसरणीच्या नळातून, खाली समुद्रात. रेलिंगवरून वाकून बघितलं की पाण्यावर दुधाळ करडा पट्टा पसरलेला दिसायचा आणि करंट असेल त्या बाजूला लांब ओढला जायचा. रात्री फ्लडलाइटखाली त्याच पाण्यात मासळी गोळा व्हायची. मी कोळ्याचा पोर, मला कुठला मासा आहे ते वरून कळायचं. कितीतरी वेळा मनात आलं की हे जे खाली जातंय ते तळावर जाऊन बसणार, आणि तिथे काय जगतं ते या बाकीच्यांना माहीत नसेल पण मला माहितीये. तरी शिफ्ट संपवून झोपायला जायचो. पगार होता. त्या पगारातून घराचा स्लॅब पडला, बहिणीचं लग्न झालं. म्हणून तेल काढणं बंद करा असं मी लिहिणार नाही, तो खोटेपणा होईल.

आता धातूंचं. बराइट पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, ते तळाला जाऊन गाळात बसतं. त्यातलं बेरियम तसं फार विषारी नाही, पण गाळात ते नेहमीपेक्षा जास्त सापडलं की समजायचं मड इथपर्यंत पोचलाय. खुणेचा धातू आहे तो. खरी काळजी त्या दगडासोबत खाणीतून येणाऱ्या भेसळीची आहे: पारा, कॅडमियम, शिसं, जस्त, तांबं, आर्सेनिक. किती, ते खाणीवर आणि मालाच्या दर्जावर अवलंबून. त्याशिवाय पाइपाच्या आट्यांना लावायचा डोप, म्हणजे ग्रीससारखं वंगण, आम्ही ब्रशने थापायचो, त्या जुन्या डोपमध्ये शिसं, जस्त, तांब्याची पूड असायची, आता शिशाशिवायचा मिळतो. प्लॅटफॉर्मचे पाय गंजू नयेत म्हणून त्यांना ॲल्युमिनियम-जस्ताचे ठोकळे बांधलेले असतात, त्यांचं कामच हळूहळू झिजून पाण्यात जाणं. आणि तेलासोबत जमिनीखालून जे पाणी वर येतं त्यातही बेरियम, लोखंड, मँगनीज, जस्त असतं, फील्ड जेवढं म्हातारं तेवढं हे पाणी जास्त. आपलं फील्ड 1974 ला सागर सम्राट या रिगने शोधलं आणि 1976 पासून त्यातून तेल निघतंय. माझ्या जन्माच्या आसपासची गोष्ट आहे, आता माझे केस पांढरे झाले.

कोणी म्हणेल की हे धातू बराइटच्या कणात घट्ट बांधलेले असतात, पारा सल्फाइडच्या रूपात असतो, माशाच्या अंगात सहज जात नाही. बरोबर आहे, मीही तसंच वाचलंय. पण गाळ काय तिजोरी नाहीये. त्यात किडे राहतात, ते गाळ गिळतात आणि बाहेर टाकतात, त्यांच्यावर कोळंबी, लेप, वाम, ढोमा जगतात. ट्रॉलर तळ खरवडत जातात आणि बसलेला गाळ परत उठवतात. आणि आपल्या पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्याच्या शेवटी शेवटी खालचं कमी ऑक्सिजनचं पाणी वर शेल्फवर, म्हणजे किनाऱ्यालगतच्या उथळ तळावर, येतं, ऑक्सिजन गेला की गाळातली सगळी केमिस्ट्री बदलते, काही धातू जास्त घट्ट बसतात, काही सुटतात. गोव्याची एनआयओ, म्हणजे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, कांदोळीसमोर 1997 पासून एकाच ठिकाणी परत परत जाऊन पाणी मोजत आलीये, म्हणून तर हे ऑक्सिजनचं आपल्याला एवढं नीट माहीत आहे. म्हणजे मोजायची माणसं आपल्याकडे आहेत. त्यांना तळाच्या गाळासाठी तसं कायमचं काम द्यायचं की नाही, हे तुमच्या हातात आहे.

माझ्या तक्रारी आता एकेक करून सांगतो.

सगळ्यात मोठी तक्रार 16 जानेवारी 2020 च्या निर्णयाची. त्या दिवशीच्या अधिसूचनेने तेल-वायूच्या शोधासाठी खोदायच्या विहिरी, जमिनीवरच्या आणि समुद्रातल्या दोन्ही, वरच्या कॅटेगरीतून काढून बी-टू मध्ये टाकल्या. म्हणजे त्यांच्यासाठी सविस्तर पर्यावरण अभ्यास नको आणि जनसुनावणी पण नको. कारण काय, तर हा फक्त शोध आहे, उत्पादन नाही. साहेब, मी दोन्ही प्रकारच्या विहिरींवर काम केलंय. शोधाची विहीर खोदायला बिट तोच लागतो, मड तोच, बराइट तेच आणि शेकरखालचा च्यूटही तोच. उलट नव्या जागेत खाली दाब किती आहे ते माहीत नसतं म्हणून मडच्या वजनाची चिंता जास्त. आणि ही नवी जागा म्हणजेच जिथे याआधी कोणी काही टाकलेलं नाही तो तळ. मूळचा गाळ कसा होता हे लिहून ठेवायची संधी तिथे एकदाच मिळते, पहिली विहीर खोदायच्या आधी. नेमकी तिथेच तुम्ही सूट दिलीत. जनसुनावणी म्हणजे आमच्यासाठी वर्षातून कधीतरी एक दिवस, मंडपात बसून आपल्या भाषेत साहेबाला विचारता यायचं. तोही गेला.

दुसरी तक्रार नियमांची. मड आणि कटिंग्ज टाकण्याबद्दलच्या ऑगस्ट 2005 च्या मार्गदर्शक सूचना चांगल्या आहेत, त्या आल्या तेव्हा मी रिगवरच होतो. डिझेलचा मड बंद, बराइटमध्ये किलोमागे पारा 1 मिलिग्रॅम आणि कॅडमियम 3 मिलिग्रॅमच्या वर नको, आणि समुद्रात सोडायचं ते विहिरीमागे ताशी सरासरी 50 बॅरलच्या वेगाने. ठीक. पण हा सगळा हिशोब पोत्यावर आणि च्यूटच्या तोंडाशी संपतो. एका टनात 1 ग्रॅम पारा चालतो म्हणजे हजार टनात 1 किलो पारा आणि 3 किलो कॅडमियम नियमात बसून खाली गेला. आता सांगा, 1976 पासून आजपर्यंत आमच्या समुद्रात एकूण किती हजार टन बराइट उतरलं? 2005 च्या आधीचं बराइट कुठल्या दर्जाचं होतं? वेगाला मर्यादा आहे, बेरजेला नाही. घरात रोज एकच चमचा मीठ सांडलं तर त्याला कोणी काही म्हणणार नाही, पण पन्नास वर्षं त्याच कोपऱ्यात सांडलं तर कोपरा बघायला नको का? आणि बराइटमध्ये मर्यादा फक्त या दोन धातूंना. शिसं, आर्सेनिक, तांबं, जस्त यांचं काय?

तिसरी. पाहणी होतच नाही असं मी म्हणत नाहीये. जहाजं येतात, गाळ उचलतात, रिपोर्ट होतात, मंजुरीच्या अटींप्रमाणे दर सहा महिन्यांनी अनुपालन अहवाल द्यावा लागतो हेही मला माहीत आहे. पुतणीला बसवून आम्ही त्यातले काही डाउनलोड करून चाळले, ती एमएस्सी केमिस्ट्री करतेय. पानंच्या पानं इंग्रजी, बऱ्याचशा ठिकाणी "पालन केले आहे" एवढंच, आणि जिथे गाळाचे आकडे होते तिथे नमुना प्लॅटफॉर्मपासून किती मीटरवर घेतला ते नाही, गाळ चिखलाचा होता की वाळूचा ते नाही. पुतणी म्हणाली, काका, हे नसेल तर आकड्याला अर्थ नाही. कारण बारीक चिखल धातू धरून ठेवतो, वाळू धरत नाही. आपल्याकडे किनाऱ्याजवळ मऊ चिखल आणि बाहेर खोल गेलं की शंख-चुन्याची वाळू, हे तर बोट चालवणारा कुठलाही तांडेल सांगेल. बाहेरच्या वाळूचा आकडा किनाऱ्याच्या चिखलाशी लावला तर प्लॅटफॉर्मजवळचा तळ कायम स्वच्छच दिसणार.

चौथी. दोन वर्षांपूर्वी भावाच्या जाळ्याच्या तळच्या दोरीला करडा चिकट गाळ आला, त्यात नखाएवढे धारदार दगडाचे तुकडे. मी हातात घेतला आणि बोटांनी चोळला. मला शेकरची आठवण आली. कसला होता ते मी छातीठोक सांगत नाही, चोळून काय कळतं तेवढंच माझं ज्ञान. मी तो लोणच्याच्या बरणीत भरला आणि घेऊन गेलो. पहिल्या ऑफिसात म्हणाले बारा सागरी मैलांच्या बाहेरचं आमच्याकडे येत नाही, केंद्राकडे जा. दुसऱ्या ऑफिसात म्हणाले मासेमारीचा विषय राज्याचा. तिसऱ्या ठिकाणी प्रयोगशाळा होती, तिथल्या मॅडम चांगल्या होत्या, त्यांनी चहा पाजला आणि समजावून सांगितलं की असा नमुना चालत नाही, ॲसिडने धुतलेलं प्लॅस्टिकचं भांडं लागतं, धातूचा चमचा लावायचा नाही, वरचे दोन सेंटिमीटर वेगळे काढायचे, जागेचे अक्षांश-रेखांश लिहायचे आणि लगेच थंड ठेवायचं. मला ते पटलं. मी म्हटलं मॅडम, मग तुम्हीच या ना, बोट आमची. त्या म्हणाल्या, आम्हाला वरून सांगितल्याशिवाय येता येत नाही. तर साहेब, ते वरून म्हणजे तुम्हीच ना?

पाचवी तक्रार थोडक्यात. प्लॅटफॉर्मच्या भोवती 500 मीटर आम्हाला बंदी, सुरक्षेसाठी ती पाहिजेच, मला आगीची भीती कोणी शिकवायला नको. 27 जुलै 2005 ला मुंबई हाय नॉर्थ जळाला, 22 माणसं गेली, त्यातल्या काहींचे मृतदेहही मिळाले नाहीत. त्यानंतर ड्रिल, परमिट, तपासण्या किती कडक झाल्या ते मी स्वतः बघितलं, आणि चांगलंच झालं. पण या 500 मीटरच्या आत तळावर काय आहे हे बघायचा आम्हाला मार्गच नाही, म्हणून ते बघून आम्हाला सांगणं ही तुमची दुप्पट जबाबदारी होते.

आणि एक गोष्ट मला प्रत्येक ऑफिसात ऐकवली गेली, की धातू काय फक्त तेलाचेच आहेत का, मुंबईचं सांडपाणी आहे, ठाण्याची खाडी आहे, तारापूरचे कारखाने आहेत. अहो, आम्हाला सांगता? तारापूर एमआयडीसीचं पाणी नवापूरच्या समुद्रात कुठे पडतं ते आमच्या घरातल्या पोरांना माहीत आहे. आमच्या जाळ्यांना शिशाची वजनं असतात, ती पण तुटून तळाला जातात, तेही मोजा, आम्ही नाही म्हणणार नाही. पण हे सगळं आहे म्हणूनच तर वेगवेगळं मोजायला पाहिजे! बेरियम वाढलेलं असेल आणि त्यासोबत बाकीचे धातू पण, तर एक उत्तर. बेरियम नेहमीसारखं आणि शिसं-तांबं किनाऱ्याकडून आत आत कमी होत गेलं तर दुसरं उत्तर. हे शोधता येतं. तळात नळी खुपसून गाळाचा उभा नमुना काढला की खालच्या थरात 1974 च्या आधीचा समुद्र पण सापडू शकतो. उत्तर कंपन्यांच्या बाजूने आलं तरी मी ते गावात वाचून दाखवीन, शब्द देतो. आज मात्र उत्तर नाही म्हणून एजंट भाव पाडतो आणि कोणाला जाब विचारायचा ते आम्हाला कळत नाही.

बाहेर कसं चालतं ते थोडं सांगतो कारण मला वाटलं होतं की हे सगळं अशक्य असेल. नॉर्वेने उत्तर समुद्रात प्लॅटफॉर्मपासून 250, 500, 1000, 2000 मीटर अशा जागा ठरवून दिल्या आहेत, साधारण दर तीन वर्षांनी त्या त्या भागात जहाज जातं आणि गाळ, धातू, तेलाचा अंश, तळावरचे किडे सगळं मोजलं जातं, खर्च कंपन्यांचा आणि आकडे सगळ्यांना उघडे. त्यातूनच त्यांना कळलं की तेल मिसळून केलेल्या मडचे कटिंग्ज टाकले तिथे सहा ते नऊ वर्षांत परिणाम 2 ते 6 किलोमीटरपर्यंत पोचला होता. मग 1993 ला त्यांनी ते टाकणं थांबवलं आणि पुढच्या पाहण्यांमध्ये खराब झालेला भाग आक्रसत गेला. पाण्यात कालवलेल्या मडचा परिणाम त्यामानाने जवळच राहतो, बहुतेक वेळा काहीशे मीटर, आणि तळ काही वर्षांत सावरतो, हेही त्याच पाहण्यांमधून कळलं. म्हणजे मोजल्याने कंपन्यांचं नुकसानच होतं असं नाही, जिथे त्यांचा दोष नाही तिथे त्यांची सुटका पण होते. ब्रिटनच्या बाजूला जुन्या प्लॅटफॉर्मखाली कटिंग्जचे ढीग अजून आहेत, आणि प्लॅटफॉर्म काढताना त्यांना हात लावायचा की नाही यावर तिकडे वर्षानुवर्षं अभ्यास चाललेत. आपले प्लॅटफॉर्म पण म्हातारे झालेत. उद्या ते कापून काढायची वेळ येईल तेव्हा खालचा गाळ उठणार, आणि तो करंटबरोबर कुठे जाणार ते विचारायला तेव्हा कोणाकडे जायचं?

हे सगळं आत्ताच का लिहितोय, तर जानेवारी 2025 मध्ये मुंबई हायचं उत्पादन परत वाढवायला परदेशी कंपनी तांत्रिक सेवेसाठी नेमल्याची बातमी आली, तेल शोधायच्या नवीन ब्लॉकचे लिलाव चालू आहेत, त्याआधी 2022 मध्ये समुद्रातला पूर्वी बंद ठेवलेला बहुतेक सगळा भाग शोधासाठी मोकळा केला गेला. म्हणजे पुढची काही वर्षं खोदकाम वाढणार. पुतण्याच्या कामासाठी मला बरंच वाटतं. भावाच्या बोटीसाठी छातीत धस्स होतं. दोघं एकाच ताटात जेवतात.

आमच्या मागण्या अशा आहेत.

मुंबई हाय आणि आजूबाजूच्या फील्डसाठी गाळ मोजायच्या कायमच्या जागा ठरवा, प्लॅटफॉर्मपासून ठराविक अंतरांवर, करंटच्या दिशेने आणि आडव्या दिशेने, आणि तुलनेसाठी लांबच्या न खोदलेल्या जागा पण. दर तीन वर्षांनी मोजणी, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर. बेरियम, पारा, कॅडमियम, शिसं, जस्त, तांबं, क्रोमियम, आर्सेनिक, निकेल, व्हॅनेडियम, सोबत ॲल्युमिनियम आणि गाळाच्या कणांचा आकार, म्हणजे चिखल-वाळूचा घोळ राहणार नाही. तळावरचे किडे मोजा, कारण माशाच्या आधी ते सांगतात. हे काम कंपनीने नेमलेल्या माणसाकडे नको, सरकारी संशोधन संस्थेकडे द्या, पैसे कंपन्यांनी एका निधीत भरावेत.

प्रत्येक विहिरीला किती टन बराइट वापरलं, कुठून आलं, त्यात पारा-कॅडमियम किती निघाला आणि किती कटिंग्ज समुद्रात सोडले, याचा हिशोब जाहीर करा. जुना पण. मड रिपोर्ट रोजच्या रोज लिहिला जातो, मी स्वतः मड बॅलन्सवर वजन घेऊन आकडे दिलेत, त्यामुळे कागद नाहीत असं मला कोणी सांगू नये.

2020 ची सूट समुद्रातल्या शोध-विहिरींसाठी मागे घ्या. पहिली विहीर खोदायच्या आधी तिथला गाळ मोजलेला असलाच पाहिजे. जनसुनावणी किनाऱ्यावरच्या गावात घ्या, मराठीत घ्या, आणि जून-जुलैच्या मासेमारी बंदीत घ्या म्हणजे तांडेल-खलाशी घरी असतात.

मासळीची तपासणी बंदरावर सुरू करा. माकुल, कोळंबी, चिंबोरी, वाम, ढोमा, लेप यांचं मांस वेगळं आणि यकृत वेगळं. कुठल्या भागात पकडली तेही लिहा. एखादी जात किंवा भाग खराब निघाला तर आम्हाला आधी सांगा, आम्ही जाळं दुसरीकडे टाकू, आमची पोरंपण तीच मासळी खातात. आणि कुठल्याही लॉटला धातूचं कारण देऊन भाव पाडला तर त्या लॉटचा रिपोर्ट दाखवायची सक्ती करा.

प्लॅटफॉर्म काढायच्या आधी खालच्या ढिगाची मोजणी, आणि तो हलवायचा की तसाच ठेवायचा या निर्णयात मच्छीमार सोसायट्यांचं म्हणणं लेखी घ्या.

शेवटची मागणी, नमुने घ्यायला जहाज जाईल तेव्हा आमच्यातली दोन माणसं सोबत घ्या. एक तांडेल, आणि एक रिगवर काम केलेला. तळ कुठे चिखलाचा, कुठे खडपाचा, जुनं सामान कुठे पडलंय आणि जाळी कुठे फाटतात ते तांडेलाला माहीत आहे. कुठे काय सोडलं जायचं ते आम्हाला.

1 ऑगस्टला मासेमारी बंदी उठते. भावाची बोट, खलाशी आणि मी, आम्ही तयार आहोत, डिझेलचे पैसेपण मागणार नाही. धुतलेली भांडी आणि ग्रॅब, म्हणजे गाळ उचलायचा पंजा, तुम्ही आणा, आणि त्या प्रयोगशाळेतल्या मॅडमना यायची परवानगी द्या.

आपला,
पालघर किनाऱ्यावरचा एक माजी डेरिकमन